आधी सांग, हे कधी मोडतं?

प्रिय ...,

वर तुझं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पत्र तुलाच आहे, पण यातलं बरंचसं मी आणखी काही जणांना फोनवर सांगत आलेय, त्यांनाही ते पाठवणार आहे. आणि आपलं क्षेत्र, म्हणजे काही मशीन बिघडली तरी चालत राहणाऱ्या सिस्टिमचं, एवढंसं आहे की नाव दिसलं की गाईड कोण, पेपर कुठला, सगळं लगेच कळतं.

तू हुशार आहेस, तिसऱ्या वर्षाला सगळ्यांचंच असं होतं, धीर सोडू नकोस, हे मी लिहिणार नाही. ते सांगायला तुझी आई आहे. लॅम्पोर्टने पॅक्सॉसचा (अनेक मशीनचं एकमत घडवायच्या पद्धतीचा) पेपर १९९० साली धाडला आणि तो छापून यायला १९९८ साल उजाडलं, ही गोष्टही सांगणार नाही. पेपर परत आलेल्या प्रत्येक मुलाला ती कुणीतरी ऐकवतंच आणि तिचा कुणालाही काडीचा उपयोग होत नाही.

तू तीन प्रश्न विचारलेस. परत आलेल्या पेपरचं काय करू, कंपनीची ऑफर घेऊ का, आणि हा विषय मेलाय का. खरा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. तो मेलच्या मधोमध, कंसात पडलाय: ‘तिसरा भाग काढून टाक असं सगळेच म्हणतायत’. तिसरा भाग म्हणजे तुझी असम्प्शन्स. तुझी सिस्टिम कशाच्या भरवशावर उभी आहे आणि तो भरवसा खोटा ठरला तर काय होईल, हे तू दीड पानात लिहिलंस. रिव्ह्यूअर म्हणाला, अटी फार कडक आहेत, व्यवहारात असं कोण धरतं. मित्र म्हणाला, परिशिष्टात ढकल आणि प्रस्तावनेत ‘वास्तव परिस्थितीत’ असं काहीतरी घाल. गाईड म्हणाले, तूच ठरव.

तो भाग काढायचा नाही. बाकीचं सगळं पत्र याच एका वाक्यासाठी आहे, तेव्हा घाईत असशील तर इथेच थांबलास तरी चालेल.

तुमच्या लॅबमधल्या पोरांना कॅस्ट्रो आणि लिस्कोव्हचा १९९९चा पेपर माहीत असतो तो एका आकड्यासाठी. काही सर्व्हर सरळ खोटं बोलत असले तरी चालत राहणारी फाईल सिस्टिम, आणि ती एकाच सर्व्हरवरच्या नेहमीच्या एनएफएसपेक्षा (नेटवर्कवरून फाईल वापरायच्या रोजच्या सोयीपेक्षा) फक्त ३ टक्के हळू. तोवर ‘बायझंटाईन’, म्हणजे मशीन खोटंही बोलेल असं धरणं, म्हटलं की लोक गालात हसायचे. विमानाच्या कंट्रोलसाठी ठीक आहे, खऱ्या नेटवर्कवर कोण वापरणार, असा सूर असायचा. त्या ३ टक्क्यांनी हसणं बंद केलं. पण तोच पेपर पुन्हा उघड आणि दुसरा भाग वाच. तिथे सरळ लिहिलंय की मशीन एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडतात असं आम्ही धरलंय. आणि समोर हल्लेखोर असताना हे खरं ठरायचं असेल, तर प्रत्येक मशीनवर सर्व्हिसचा कोड वेगळा हवा, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी हवी, रूट पासवर्ड वेगळा हवा आणि ॲडमिनिस्ट्रेटरसुद्धा वेगळा हवा.

किती महाग अट आहे बघ. कुठल्या विद्यापीठात चार मशीनना चार ॲडमिन असतात? आमच्याकडे सगळ्या मजल्याला मिळून एक, तोही अर्धवेळ. तरी त्यांनी ती अट लिहिली, आणि परिशिष्टात नाही, पेपरच्या सुरुवातीलाच. तुझ्या रिव्ह्यूअरने हा पेपर नक्की कुठेतरी साईट केला असेल. तो भाग वाचून केला असेल असं मी म्हणत नाही.

आता तू म्हणशील, मॅडम, त्या लिस्कोव्ह होत्या, आम्हाला कोण विचारतो. हे मला ऐकायचं नाही. अट खरी आहे की नाही एवढंच बघायचं, ती कुणी लिहिली ते नाही.

आणि ही स्वतंत्रपणे बिघडण्याची अट केवळ कागदी नाही. १९८६ साली नाईट आणि लेव्हसन यांनी ती तपासून पाहिली होती. दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना एकाच स्पेसिफिकेशनवरून, एकमेकांशी न बोलता प्रोग्रॅम लिहायला लावले. २७ प्रोग्रॅम झाले. प्रत्येकावर दहा लाख टेस्ट चालवल्या. एकेकटा प्रोग्रॅम घेतला तर चांगलाच होता. पण जिथे चुकायचे तिथे बरेच जण एकाच जागी चुकायचे, स्वतंत्रपणे चुकले असते तर जितक्या वेळा एकत्र चुकले असते त्याहून कितीतरी जास्त वेळा. म्हणजे वेगळी माणसं बसवली, वेगळा कोड लिहून घेतला, तरी अवघड जागा सगळ्यांना सारखीच अवघड. हा निकाल आपल्या क्षेत्राच्या तोंडावर फेकलेला आहे आणि आपण तो पुसून पुढे गेलोय. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात मी हाच पेपर देते. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

अट लिहिली नाही की काय होतं ते तुझ्याच काळातलं सांगते. मार्च २०२२, रोनिन ब्रिज, एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारी सोय. नऊ व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहारावर सही करणारे, त्यांतल्या पाच जणांची सही झाली की पैसे बाहेर. कागदावर किती छान दिसतं, चार फोडले तरी काही होत नाही! पण नऊपैकी चार एकाच कंपनीकडे होते. आणि पाचवा ज्या संस्थेचा होता, तिने आदल्या नोव्हेंबरात ट्रॅफिक वाढलं म्हणून त्याच कंपनीला आपल्या वतीने सही करायची परवानगी दिली होती. डिसेंबरमध्ये ती व्यवस्था बंद झाली, परवानगी मात्र काढून घ्यायची राहिली. हल्लेखोराने एक कंपनी फोडली आणि पाच सह्या मिळवल्या. १,७३,६०० इथर आणि अडीच कोटी डॉलरच्या वर यूएसडीसी (दोन्ही क्रिप्टो चलनं) गेलं. सहा दिवस कुणाला पत्ता नाही. कुणाला तरी आपले पैसे काढता येईनात, तेव्हा कळलं.

यात गणित कुठे चुकलं? कुठेच नाही. नऊपैकी पाच हे बरोबरच आहे. फक्त ‘नऊ’ हा आकडा खोटा होता. कुणी एक ओळ लिहिली असती, ‘ही रचना त्याच दिवशी मोडते ज्या दिवशी पाच किल्ल्या एका घरात येतात’, तर डिसेंबरमध्ये ती परवानगी काढायची आठवण कुणाला तरी झाली असती. म्हणून म्हणते, हे कधी मोडतं ते आधी लिही. सिस्टिम काय करते हे नंतर सांग, ते सगळेच सांगतात.

आता तुझ्या तिसऱ्या भागाबद्दल. तू पाठवलास तो मी वाचलाय आणि रिव्ह्यूअरचा राग मला थोडा समजू शकतो. त्यातला मजकूर बरोबर आहे, पण तो तू माफी मागितल्यासारखा लिहिलायस. ‘दुर्दैवाने’, ‘सध्या तरी’, ‘पुढील कामात’. दुर्दैवाने कसलं? चार रेप्लिकांमध्ये (एकच काम करणाऱ्या चार मशीनमध्ये) एक खोटारडा चालतो आणि दोन चालत नाहीत, हे काय तुझं दुर्दैव आहे? पीज, शोस्टॅक आणि लॅम्पोर्टने १९८० सालीच सिद्ध करून ठेवलंय ते. तिघांत एक लबाड असेल तर दुसरा मला म्हणतो ‘पहिल्याने मला तर उलटंच सांगितलं’, आणि दोघांतलं खोटं कोण बोलतंय हे मला कळायला मार्गच उरत नाही. चौथा लागतोच. याची माफी मागायची नसते.

तो भाग नव्याने लिही. कोण खोटं बोलू शकतं, किती जण, आणि त्यांना एकत्र येऊन बोलता येतं का. त्यानंतर, आणि हे तुझ्या मसुद्यात अजिबात नाही, अट मोडली की आधी काय जातं ते लिही. सिस्टिम चुकीचं उत्तर देते की उत्तरच देत नाही? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तू दोन्हींना मिळून एकच वाक्य खर्ची घातलंस. शेवटी, मोडल्याचं कुणाला कळतं? रोनिनमध्ये सहा दिवस कुणालाच कळलं नाही. तुझ्या सिस्टिममध्ये कोणाला, किती वेळात कळेल? याचं उत्तर ‘कळणार नाही’ असं असलं तर तसं लिही. मी रिव्ह्यूअर असते तर त्या एका वाक्यासाठी पेपर घेतला असता.

(मी तुझी रिव्ह्यूअर नव्हते. विचारू नकोस.)

तू लिहिलंयस की ही असम्प्शन्स ‘सगळ्यांना माहीतच असतात’. याच वाक्यावर मी सगळ्यात जास्त चिडले. नीडहॅम आणि श्रोडरचा प्रोटोकॉल १९७८चा. दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची, त्यासाठी तीन निरोप, प्रत्येक निरोप ज्याला पाठवायचा त्याच्या किल्लीने बंद, म्हणजे फक्त त्यालाच उघडता येईल असा. आपल्यापैकी प्रत्येकाने तो फळ्यावर काढलाय. सतरा वर्षांनी, १९९५ साली, गॅव्हिन लोवने दाखवलं की तो मोडतो. कसा ते एकदा हाताने करून बघ, पुस्तकात बघू नकोस. अ स्वतःहून क शी बोलायला जातो. क हा काही बाहेरचा चोर नाही, यादीतलाच माणूस आहे. क तो निरोप उघडतो, ब च्या किल्लीने पुन्हा बंद करतो आणि अ च्या नावाने ब कडे पाठवतो. ब उत्तर देतो, ते अ च्या किल्लीने बंद असतं, क ला उघडता येत नाही. मग क काय करतो? तसंच्या तसं अ ला देतो. अ ला वाटतं हे क चंच उत्तर, तो ते उघडतो, आतला ब चा गुप्त आकडा काढतो आणि क च्या किल्लीने बंद करून क ला परत पाठवतो. झालं. क आता ब ला पटवू शकतो की मी अ आहे.

दुरुस्ती काय होती माहीत आहे ना? दुसऱ्या निरोपात ब ने स्वतःचं नाव घालायचं. एवढंच. मग अ निरोप उघडतो, आत क च्या जागी ब चं नाव दिसतं आणि तो तिथेच थांबतो.

मूळ पेपर लिहिणारे कच्चे नव्हते. १९७८ साली त्यांच्या डोळ्यांसमोर बाहेरचा माणूस होता, तारेवर बसून निरोप ऐकणारा, बदलणारा. आतला माणूस नीट वागेल हे गृहीतच होतं, इतकं गृहीत की पुढे वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांनाही ते गृहीत आहे हे दिसलं नाही. नेटवर्क वाढलं, ‘आत’ कोण हे बदललं आणि प्रोटोकॉल मोडला. ‘सगळ्यांना माहीतच असतं’ याचा अर्थ असा असतो की कुणीच लिहिलेलं नसतं.

ॲमेझॉनच्या एस३चं (लोकांचा डेटा साठवणाऱ्या सेवेचं) २० जुलै २००८ चं तसंच. सर्व्हर एकमेकांना आपली हालहवाल कळवत असतात, त्या निरोपांपैकी मोजक्या काहींमध्ये एकेक बिट उलटला. निरोप वाचता येत होता, फक्त आतली माहिती चुकीची होती. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून दहांकडे पसरत गेली. शेवटी सगळ्या सर्व्हरांचं आपापसांतलं बोलणं बंद करून, साठलेली माहिती पुसून, सगळं नव्याने सुरू करावं लागलं. जवळजवळ आठ तास गेले. ग्राहकांच्या डेटावर चेकसम, म्हणजे मजकूर बदलला तर पकडणारा आकडा, होता. घरातल्या घरात चालणाऱ्या या निरोपांवर नव्हता, कारण तिथे कोण कशाला बिघडवेल! हल्लेखोर नव्हताच कुणी. एक बिट खोटं बोलला. तुझा रिव्ह्यूअर म्हणतो, व्यवहारात असं कोण धरतं. त्याला म्हणावं, २१ जुलैपासून त्या टीमने धरलं असेल.

आता थोडं माझं. तू विचारलं नाहीस, पण या वयात न विचारता सांगायची मुभा असते.

मी इथे पीएचडीला आले १९८८ साली, आणि त्याच सेमिस्टरला, २ नोव्हेंबरच्या रात्री, मॉरिस वर्म सुटला, नेटवर्कवरून मशीनमागून मशीनमध्ये आपोआप पसरणारा प्रोग्रॅम. फिंगर आणि सेंडमेल या मशीनवरच्या प्रोग्रॅममधली, तो ज्यांतून शिरला ती भोकं सगळ्यांना आठवतात. मला लक्षात राहिलं ते दुसरंच. मशीनवर एक फाईल असायची, शेजारच्या कुठल्या मशीनवरून आलेल्या माणसाला पासवर्ड न विचारता आत घ्यायचं त्याची यादी. आपल्या सोयीसाठी आपणच लिहिलेली. वर्म त्या याद्या वाचून पुढच्या मशीनवर जायचा. ती यादी मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती आणि तेव्हापासून मी याच एका प्रश्नाला धरून बसलेय: कुणावर भरवसा टाकलाय, आणि तो उलटला तर काय.

धरून बसणं स्वस्त पडलं नाही. माझ्या बरोबरीच्यांची पेपरांची यादी माझ्या तिप्पट लांब आहे. फॅशन आली तशी मी बदलले नाही. ग्रिड आलं, पीअर-टू-पीअर (मध्ये कुणी मुख्य सर्व्हर नाही, सगळे एकमेकांशी थेट) आलं, क्लाऊड आलं, मी तोच प्रश्न घेऊन प्रत्येकाच्या दारात. कमिट्यांवर मला ‘निगेटिव्ह’ म्हणत. एका ग्रँटच्या बैठकीत एकाने विचारलं, तुमच्या सिस्टिमवर हल्ला करण्याइतकी ती कुणाला महत्त्वाची वाटणार आहे? सगळे हसले. मीही हसले. ग्रँट मिळाली नाही.

आणि एक विद्यार्थी होता. तुझ्याहून हुशार होता, राग मानू नकोस. पीअर-टू-पीअर स्टोरेजवर त्याचं फार सुंदर काम झालं होतं, त्या काळात ज्याच्यावर सगळे तुटून पडले होते अशा विषयावर. पण त्याची रचना एका अटीवर उभी होती: एका माणसाची नेटवर्कवर एकच ओळख. डाऊसरने २००२ साली दाखवलं होतं की ओळखी तपासणारं कुणीतरी मध्यवर्ती बसवल्याशिवाय ही अट प्रत्यक्षात टिकत नाही, एक जण हजार होऊन येतो. माझ्या विद्यार्थ्याने ते प्रामाणिकपणे लिहिलं. रिव्ह्यू आले: मध्यवर्ती कुणीतरी लागणारच असेल तर मग पीअर-टू-पीअर कशाला? त्याने मला विचारलं, हा परिच्छेद सौम्य करू का. मी नाही म्हटलं. पुढच्या कॉन्फरन्सलाही तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही. मग तो मास्टर्स घेऊन गेला.

तो आज चांगल्या नोकरीत आहे, दिवाळीला मेसेज करतो, मुलांचे फोटो पाठवतो. माझ्याबद्दल त्याच्या मनात काही नसावं. माझ्या मनात आहे. तो परिच्छेद सौम्य केला असता तर पेपर लागला असता, याबद्दल मला शंका नाही. तो आज कुठेतरी प्रोफेसर असता. हे मी अनेक रात्री उलटसुलट करून बघितलंय, आणि प्रत्येक वेळी त्याला तेच सांगितलं असतं इथेच येऊन पोचते. त्या वर्षी जे पेपर लागले, त्यांतल्या कितींच्या सिस्टिम एका माणसाने हजार नावं घेतली की कोसळल्या असत्या, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या लेखकांनाही ठाऊक होतं. फक्त लिहिलं नव्हतं. तेव्हा किंमत त्याने भरली आणि तत्त्व माझं शाबूत राहिलं, असं कुणी म्हणालं तर मी गप्प बसेन, पण मत बदलणार नाही.

पुढे २०१७च्या सुमारास तीच मंडळी, जी मला निगेटिव्ह म्हणायची, फोन करायला लागली. ब्लॉकचेन. सल्लागार व्हा, फोटो लावू, टोकन देऊ. मी प्रत्येकाला व्हाईटपेपर मागायचे आणि विचारायचे, हे कधी मोडतं? उत्तर यायचं, हे मोडत नाही. मग मी फोन ठेवायचे. माझा नवरा अजून म्हणतो की त्यातला एखादा फोन जरा उशिरा ठेवला असतास तर मिरजेच्या घराचं छप्पर तरी झालं असतं.

मिरजेवरून आठवलं. गेल्या खेपेला मंडईत भाजी घेतली, पैसे फोनवरून दिले. माझ्या खात्यातून गेले, भाजीवालीच्या डबीतून आवाज येईना. ती म्हणते, ‘ताई, आवाज नाही आला.’ मी फोन दाखवते, त्यावर गोल फिरतंय. मागे रांग. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली सांगितलं ते एवढंच आहे: निरोप किती वेळात पोचेल याची हमी नसेल, तर पलीकडचा मेलाय की सावकाश उत्तर देतोय हे सांगता येत नाही, आणि एवढ्यावरून एकमताची खात्री देणारा कुठलाही प्रोटोकॉल अडवता येतो. सर्व्हर वाढवून यातून सुटका नाही. मग यूपीआय चालतं कसं? कारण कुणीतरी बसून लिहून ठेवलंय की हे कधी मोडतं. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक वाच. पैसे गेले पण पलीकडच्या माणसाला पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत. दुकानदाराला देताना अडकले तर पाच दिवसांत. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. आपल्या क्षेत्रातल्या कितीतरी पेपरांपेक्षा मला तो तक्ता जास्त आवडतो. मोडण्याचे प्रकार, प्रत्येकाला मुदत, आणि चूक झाल्यास पैसे कुणाच्या खिशातून. यात ‘दुर्दैवाने’ हा शब्द कुठेच नाही. (भाजीवालीला मी रोख दिले. गोल फिरणारे नंतर परत आले.)

विषय मेलाय का? तू ज्या कंपनीचं पत्र घेऊन बसलायस, ती काय करते असं लिहिलंस? पाच एआय एजंट एकमेकांचं काम तपासतात आणि बहुमताने उत्तर ठरवतात. पाचही एजंट एकाच मॉडेलच्या प्रती. तुला इथे काहीच दिसलं नाही? २७ वेगवेगळी माणसं अवघड जागी एकत्र चुकली, आणि इथे एकच डोकं पाच वेळा विचारलंय. एकाला फसवणारं वाक्य पाचांनाही फसवेल. ‘पाच’ हा आकडा तिथे रोनिनच्या ‘नऊ’सारखाच आहे. त्यांना इंटरव्ह्यूमध्ये विचारलंस का, हे कधी मोडतं? नाही विचारलंस. पगार विचारलास. तोही विचारायलाच हवा, मी काही संत नाही.

जायचं तर जा. कंपनीत जाणं म्हणजे संशोधन सोडणं असं मी मानत नाही. रेप्लिकेशनचं निम्मं शहाणपण कंपन्यांतूनच आलंय, रात्री तीनला पेजर वाजलेल्या माणसांकडून. पण तिसरा भाग काढायचा नाही म्हणून नाइलाजाने जात असशील तर तिथेही तुला तोच भाग काढायला सांगतील, फक्त सांगणारा मॅनेजर असेल आणि डेडलाईन शुक्रवारची. तिथे जाऊन तो लिहिणार असलास तर आनंदाने जा. त्यांना गरज आहे.

आणि तुझ्या गाईडवर चिडू नकोस. ‘तूच ठरव’ म्हणणारा गाईड बरा. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी ते म्हटलं नव्हतं.

नवा मसुदा मला पाठव. ॲब्स्ट्रॅक्ट नको, आलेख नकोत, फक्त तिसरा भाग, आणि त्यात ‘दुर्दैवाने’ दिसलं तर न वाचता परत करीन. चार रेप्लिकांवर तू एकच लिनक्स आणि एकच क्रिप्टो लायब्ररी चालवतोयस हेही त्यात यायला हवं. तुझ्या कोडमध्ये बघितलं मी. पुढच्या बुधवारच्या आत आला तर वेळ आहे, त्यानंतर माझ्याकडे परीक्षेचे गठ्ठे येतात.

तुझी,
मॅडम